दोघांपुरती बंगई

मी बंगई बोलतेय. तुमच्याकडे मला झोपाळा म्हणत असतील. आमच्या झाडीपट्टीत मी बंगईच. सध्या माझा मुक्काम वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या अलीकडे, एका महागड्या हॉटेलात आहे.

मी आलापल्लीकडच्या सागवानाची. लटारू नावाच्या सुतारानं मला घडवलं. रंधा मारून मारून त्यानं मला इतकं गुळगुळीत केलं की त्याची माय म्हणाली, "लेका, हिच्यावर माशी बसली त घसरन!"

माझे पहिले मालक भैयाजी. त्यांची धानाची गिरणी होती. जेवण झालं की ते माझ्यावर लवंडायचे आणि त्यांच्या पत्नी रंभाबाई सुपारी कातरून द्यायच्या, उभ्यानंच. 'बस ना' असं भैयाजी कधी म्हणाले नाहीत. ते गिरणीवर गेले की माझी धूळ पुसता पुसता रंभाबाई क्षणभर हात टेकायच्या. मला वाटायचं, आता बसतील. नाही बसल्या.

पुढे घरावर स्लॅब पडला. जुन्या तुळया गेल्या, त्यांच्यासोबत माझ्या कड्याही गेल्या. मला गुरांच्या कोठ्यात टाकलं. कोंबड्यांनी माझ्यावर अंडी घातली. खोटं कशाला बोलू, तेवढीच ऊब होती.

मग जुन्या वस्तू विकत घेणारा एक माणूस आला. त्यानं मला घासूनपुसून पॉलिश केलं आणि या हॉटेलच्या व्हरांड्यात आणून टांगलं. इथले सगळेच माझ्यासारखे. ग्रामोफोन आहे, पण वाजत नाही. तांब्याचं गंगाळ आहे, त्यात आंघोळ कुणी करत नाही, गुलाबाच्या पाकळ्या तरंगतात. माझ्यासमोर लाल दोरी बांधली आणि पाटी लावली, 'कृपया बसू नये.' पाहुणे यायचे, माझ्याजवळ उभे राहून फोटो काढायचे आणि जायचे. बिनझोक्याची बंगई म्हणजे नुसती टांगलेली फळी.

मागच्या हिवाळ्यात सावली गावाहून वामनराव आणि गिरजाबाई आले. वामनराव एसटीचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. गिरजाबाईंच्या छातीत गाठ निघाली होती, कॅन्सरची. पुढच्या आठवड्यात नागपूरला ऑपरेशन होतं. त्यांची लेक नूतन तिथे नर्स आहे. 'आधी दोन दिवस माय-बाबांनी नदीवर निवांत राहावं' म्हणून तिनंच ही खोली घेतली होती.

सकाळी उन्हात गिरजाबाई केस मोकळे सोडून आल्या. हातात तेलाची बाटली आणि फणी. पण गाठीची तपासणी केल्यापासून उजवा हात वर उचलला की कळ यायची. दोनदा प्रयत्न केला आणि फणी मांडीवर ठेवली.

वामनरावांनी पेपर बाजूला टाकला. "आण इकडं. बस इथी." आणि त्यांनी चक्क लाल दोरी सोडली.

"अजी, पाटी दिसत नाई का? बसू नये लिवलं हाये."

"जनमभर पाट्या पाहूनच गाडी चालवली. आज एक नाई पाहत."

गिरजाबाई माझ्या काठावर अवघडून बसल्या. वामनराव मागे उभे राहिले. स्टिअरिंग धरून राठ झालेले हात ते; वेणी नांगराच्या दोरासारखी वळली जात होती. तरी गिरजाबाई हसल्या नाहीत. त्या नदीकडे पाहत होत्या.

"दवाई सुरू झाली का केस जाते म्हणते," त्या हळूच म्हणाल्या.

मागचे हात थांबले.

"केस जाऊ दे," वामनराव म्हणाले. "तू नोको जाऊ."

गिरजाबाईंचे पाय जमिनीवर घट्ट रोवले गेले, आणि त्या रेट्यानं मी वीतभर मागे गेले. किती वर्षांनी हलले मी! साखळी करकरली.

ती करकर ऐकून मॅनेजर मयुरी धावत आली. गिरजाबाई लगबगीनं उठू लागल्या. "माफ कर वो बाई, उठतो आमी."

मयुरीनं सुटलेली दोरी पाहिली, अर्धी वेणी पाहिली. "बसा ना, आई. फक्त झोका नका घेऊ आत्ताच. इथल्या कड्या जुन्या आहेत, तपासून घेते."

दुपारी कोलू मिस्त्री आला. त्यानं नव्या कड्या ठोकल्या आणि स्वतः लोंबकळून पाहिलं. पाटी काढली गेली. पण तोवर ते दोघं परत निघायच्या तयारीत होते.

मयुरी मग व्हरांड्यातूनच नूतनला फोन करायची, म्हणून मला सगळं कळायचं. ऑपरेशन झालं. अन्न पोटात ठरत नाही. बाबा स्वतः भाताची पेज करून चमच्यानं भरवतात. मग मधेच बरेच दिवस फोन नाही. मला करमेना. आणि एक दिवस मयुरी मोठ्यानं म्हणाली, "खरंच? रिपोर्ट चांगला आला?"

आज ते दोघं आलेत. धानाची कापणी चाललीय, वारा कोवळा आहे. गिरजाबाई निम्म्या झाल्यात, डोक्याला रुमाल आहे. या वेळी वामनराव मागे उभे राहिले नाहीत, शेजारीच बसले.

"काऊन जी? ड्रायवरच्या बाजूले बसाले मनाई असते ना?"

"रिटायर झालो ना मी!"

गिरजाबाई खळखळून हसल्या. हसता हसता दमल्या, आणि बोलता बोलता त्यांचं डोकं वामनरावांच्या खांद्यावर कललं. डोळा लागलाय त्यांचा. वामनराव एका पायाच्या अंगठ्यानं मला हलवत राहिलेत. मयुरी चहा घेऊन आली, तर त्यांनी नुसत्या डोळ्यांनी 'तिथी ठेव' म्हटलं. चहावर साय धरलीय. पायाला मुंग्या आल्या असाव्यात त्यांच्या, पण झोका थांबलेला नाही.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर अवश्य या. एकटे नका येऊ, दोघं या. खुशाल बसा, हवा तेवढा उंच झोका घ्या. पण आज जरा तिकडे खुर्चीवर बसता का? आणि बोलायचं तर हळू बोला. आत्ता इथे जागा नाही.