उस्तादांच्या टीव्हीवरचे तळे

मित्रांनो, टीव्हीच्या पाठीमागे लोंबकळणारी बोटभर लांबीची काळी वस्तू तुम्ही पाहिली असेल. मी तीच, एक जुनी डबी. फोनमधले चित्र वायरीशिवाय टीव्हीच्या पडद्यावर दाखवणे हे माझे काम. कारखान्यात माझ्या हजारो बहिणी एकाच पट्ट्यावरून माझ्याबरोबर निघाल्या. आम्हा सगळ्यांच्या पोटात तीच ती चित्रे भरलेली असतात: डोंगर, कुरणे, जुना पूल, आणि एक निळे तळे, त्यात लाल नाव. फोनवरून कोणी काही दाखवत नसले की पडदा रिकामा दिसू नये, म्हणून आम्ही ती आळीपाळीने लावतो.

मी ज्या घरी आले, ते एका निवृत्त बसचालकाचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. बायको वारल्यापासून ते एकटेच राहत. दूरदेशी असलेला मुलगा चार दिवसांसाठी आला, त्याने घरात वायफाय घेतले, मला टीव्हीला जोडले आणि आपल्या फोनमधला व्हिडिओ लावला. त्यात उस्तादांची नात पोहायला शिकत होती. पाण्यातून डोके वर काढून ती खोकली, तसे उस्ताद खुर्चीतून अर्धे उठले.

"अरे, धर तिला!"

"बाबा, व्हिडिओ आहे तो," मुलगा हसत म्हणाला.

उस्तादही हसले आणि त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. त्या दिवशी झाले तेवढे माझे कौतुक नंतर कधी झाले नाही.

निघताना मुलगा म्हणाला, "आता मी तिकडूनच फोटो लावत जाईन. तुम्ही फक्त टीव्ही चालू करायचा."

मित्रांनो, हे शक्यच नव्हते. फोन त्याच घरातल्या वायफायवर असेल, तरच मला त्यातले चित्र मिळते. मुलाला ते ठाऊक होते. मला जोडताना त्याने ती सूचना नीट वाचली होती. पण खाली टॅक्सी उभी होती आणि बापाचे डोळे भरून आले होते. अशा वेळी तोंडाला येईल ते बोलून माणूस मोकळा होतो.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी टीव्ही लावला. नात काही दिसली नाही. थोड्या वेळाने माझे डोंगर आले, मग तळे. उस्ताद खुर्ची पुढे ओढून बघत राहिले. "फिरायला गेलेत वाटतं," ते स्वतःशीच म्हणाले.

रविवारी मुलाचा फोन आला. उस्तादांचा फोन साधा, बटणांचा. ऐकू कमी येई म्हणून ते स्पीकर लावत.

"तळं बघितलं रे तुझं. काय झकास फोटो काढलास!"

खरे सांगायला एक वाक्य पुरले असते.

"हो का? आवडला ना?" मुलगा म्हणाला.

आणि त्या खोट्याला पाय फुटले. उस्ताद रोज सकाळी आंघोळ उरकून, चष्मा पुसून माझ्यासमोर बसू लागले. एकदा त्यांनी फोनवर मुलाला विचारले, "फोटोत माणसं कशी नाहीत रे? पोरीला उभी कर की मध्ये."

"निसर्गाचे फोटो काढायचा नाद लागलाय मला, बाबा."

ते उस्तादांना पटले. आयुष्यभर त्यांनी घाटातून गाडी हाकली, पण बघण्यासाठी म्हणून ती कुठे थांबवता आली नाही. "आपण नुसता रस्ता बघितला. पोरगा जग बघतोय," असे ते आपल्या जुन्या कंडक्टरला सांगत. कंडक्टर म्हणे, "उस्ताद, तिकीट काढलंय का? की फुकट बसलाय?" दोघे खो-खो हसत.

एके दिवशी कंडक्टर आपल्या सुनेला घेऊन आले. पडद्यावर तळे होते.

"हे बघ, माझ्या मुलानं काढलेलं," उस्ताद म्हणाले.

सून सरळ मनाची. ती म्हणाली, "काका, हे तर आमच्याही टीव्हीवर येतं. डबीतलेच फोटो असतात हे. सगळ्यांकडे येतात."

"तू गप गं," कंडक्टर पुटपुटले. पण बाण सुटला होता.

उस्तादांनी त्या दोघांना चहा दिला. मग त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावला.

"त्या तळ्याचं पाणी थंड होतं का रे?"

"बर्फ होतं, बाबा! नावेत बसलो, तर पाय गारठले."

"आणि पोरगी? घाबरली नाही ना?"

"छे! तिला तर खूप मजा आली."

"बरं," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. सुनेने मान खाली घातली.

कंडक्टर चिडले. "चांगलं झापायला हवं होतं त्याला!"

"झापलं, तर रविवारचा फोनपण बंद होईल," उस्ताद म्हणाले.

ती दोघे गेल्यावर उस्तादांनी मला उपटून काढले आणि जुन्या चार्जरांबरोबर खणात टाकले. तेव्हापासून मी इथे अंधारात आहे. टीव्ही आता बंदच असतो. पण खणाची फट उघडी असते आणि रविवारी मला सगळे ऐकू येते.

गेल्या रविवारी उस्ताद फोनवर म्हणाले, "कालचा धबधबा फार छान होता रे."

मुलगा म्हणाला, "हो ना? मुद्दाम गेलो होतो तिथं, तुमच्यासाठी."

मित्रांनो, माझ्यात धबधब्याचे चित्रच नाही.

मला जपा, माझ्यावरची धूळ पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यासारख्या बाजारात पोत्याने मिळतात. तुमची वाट बघणारे माणूस घरात असेल, तर त्याला सरळ सांगा, "आज जमलं नाही." तेवढे सोसायची ताकद त्याच्यात असते. तुम्हाला सांभाळून घेण्यासाठी त्यालाच खोटे बोलावे लागेल, अशी वेळ त्याच्यावर आणू नका.