पहारा

“आबा, टेम्पोची किल्ली द्या.”

क्रांतीनं हात पुढंच धरला होता. सकाळी तिच्या बापाचा, केरबाचा, दुधाचा टेम्पो वळणावर न वळता सरळ उसात शिरला होता. केरबा उघड्या डोळ्यांनी झोपला होता. उसाचा मालक शांतपणे म्हणाला, “पावणं, तोडणी अजून दोन म्हैन्यानं हाय की.”

“मी पाचला कंपनीतनं येती. तवर दोन तास झोपून दावा. आई सांगंल ते खरं.”

किल्ली घेऊन ती कागलला कामावर गेली.

पलटणीतून सुटून केरबाला एकोणीस वर्षं झाली होती. झोपेसाठी जायफळ झालं, गोळ्या झाल्या. एका दवाखान्यात रात्रभर अंगाला वायरी लावून निजवलं, तर त्यानं वायरींवर पहारा दिला. सकाळी एकही वायर कमी भरली नाही.

क्रांतीच्या आईनं, तानाबाईनं, घोंगडं अंथरलं. “तिकडं बर्फात कशी झोप लागायची वो?”

“गैबी असायचा. शाहूवाडीचा. मी त्याला उठवायचा, तो पहाऱ्याला उभा ऱ्हायचा, मग मी पडायचा.”

“मग?”

“एकदा उठवला. उठलाच न्हाय.”

“गोळी?”

“न्हाय. थंडी.” केरबानं घोंगड्याची सुरकुती काढली. “पहारा कुणी घेतलाच न्हाय माझ्याकडनं.”

हे लग्नाच्या बायकोला त्यानं पहिल्यांदाच सांगितलं, तेही वीज बिल भरलं म्हणावं तसं.

तानाबाई उठली. कोपऱ्यातली म्हशीची काठी घेऊन दारात उभी राहिली.

“द्या माझ्याकडं.”

“तुझं ट्रेनिंग न्हाय.”

“एकोणीस वर्सं तुमच्या कुशीवर कुशी मोजत जागीच हाय. आनी कसलं ट्रेनिंग?”

केरबानं रीतसर सांगितलं, समोर गोठा, डावीकडं पाण्याची टाकी, संशयास्पद काही नाही. मग तो आडवा झाला. डोळे मिटले. अंग खरंच जड व्हायला लागलं.

तेवढ्यात काठी पडली.

तानाबाई उंबऱ्याला टेकून, तोंड उघडं टाकून झोपली होती. पहाऱ्यावर झोपणं म्हणजे मोठा गुन्हा. केरबानं घोंगडं तिच्या अंगावर घातलं, काठी उचलली आणि शेजारी उभा राहिला. तीन वाजले. चार वाजले. म्हैस ओरडली, तिला त्यानं हातानंच गप्प केलं.

पाचला क्रांती आली. “झोपलासा?”

“हळू बोल.”

“आबा, किल्ली...”

“ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच,” केरबा म्हणाला, आणि आईला ओलांडून जाऊ नये म्हणून त्यानं लेकीला मागच्या दारानं पाठवलं.