उंबरठ्यावरचा आकडा

बाईंनी रिमोटवरून अंगठा दोनदा फिरवला. मग रिमोट उलटा करून पाठीवरूनही फिरवून पाहिला.

"अरे, यावर पाच कुठे आहे?"

"पाच नाहीये, बाई." केबलवाला टीव्हीच्या मागे गुडघ्यांवर बसून जुनी काळी वायर सोडवत होता. "एकही आकडा नाहीये. मधे एक गोल आहे, त्याला चार दिशा. बस्स."

"मग मी कुठे आहे ते मला कळायचं कसं?"

त्याने वायर हातातच ठेवली आणि डोकं बाहेर काढलं.

गेल्या सहा वर्षांत बाईंच्या नजरेचा मधला भाग हळूहळू पुसला गेला होता. कडेकडेचं दिसायचं. दाराची चौकट, टेबलाचा कोपरा, शेजारी बसलेल्याचा खांदा. पण जिच्याकडे नीट पाहावं, नेमकी तीच वस्तू नाहीशी व्हायची. टीव्ही त्या ऐकत. जुन्या रिमोटवर पाचाच्या बटणावर एक बारीक ठिपका उठलेला होता. तो अंगठ्याला लागला की सगळं घर सापडल्यासारखं व्हायचं. वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. एकोणसाठवर जुनी गाणी, त्रेचाळीसवर बातम्या, एकोणऐंशीवर रानातली जनावरं.

मुलगी दूरच्या शहरात होती. ती फोनवर म्हणायची, "आई, शेजारच्या वहिनींना हाक मार ना, त्या लावून देतील."

"देतील की," बाई म्हणायच्या. "पण टीव्ही लावून द्यायला माणूस लागला, की आपण आपल्याच घरात पाहुणे."

आता महिनाअखेर केबलच बंद होणार होती. गल्लीत केबलवर अकराच घरं उरली होती. बाकीची केव्हाच इंटरनेटच्या बॉक्सवर गेली होती, आणि ते बॉक्स बसवून देण्याचं काम केबलवाल्यानेच धरलं होतं. बाईंचं घर त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

"याला तोंडाने सांगता येतं," तो म्हणाला. "हे वरचं बटण दाबून ठेवा आणि बोला."

बाई सरसावून बसल्या. "एकोणसाठ."

पडद्यावर अक्षरं उमटली.

"काय म्हणतोय?"

"लिहिलंय, 'ए, कोण साठ?'"

बाई खुदकन हसल्या. "त्याला म्हणावं, साठ नाही, चौऱ्याऐंशी."

केबलवालाही हसला, पण त्याचं हसू लवकर आटोपलं. पन्नाशी ओलांडलेला, कमरेला पक्कड लावून गल्लीभर फिरणारा हा माणूस चौथीत बाईंच्याच वर्गात होता. वर्षभर त्याला एकोणवाले आकडे जमले नव्हते. एकोणतीस सांगितलं की तो हमखास तिसावर एक चढवून एकतीस लिहायचा. बाई त्याला सुट्टीत जवळ घेऊन सांगायच्या, "एकोण म्हणजे एक कमी. एकोणतीस राहतो विसाच्या घरात, पण उभा असतो तिसाच्या उंबरठ्यावर. पुढचं घर कुणाचं ते बघ, म्हणजे झालं."

एक दिवस ते त्याच्या डोक्यात उजाडलं. तो आपणहून उभा राहिला आणि धाडधाड म्हणत सुटला. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत. आणि त्याच दमात, छाती पुढे काढून, एकोणशंभर.

वर्गात हशा फुटला. बाकांवर हात आपटून पोरं हसली. बाईंनी हसू विरेपर्यंत वाट पाहिली. मग विचारलं, "नियमाप्रमाणे याचं बरोबर आहे. याचं चुकलं कुठे, ते कोण सांगतं?" कुणालाच सांगता आलं नाही. नव्व्याण्णव सगळ्यांना पाठ होता, पण का, ते माहीत नव्हतं. 'एकोणशंभर' हे नाव मात्र त्याला चिकटलं ते कायमचं. गल्लीतले जुने मित्र अजूनही त्याला तशीच हाक मारत.

त्याने काळी वायर परत टीव्हीला जोडली आणि नवा बॉक्स पिशवीत भरला.

"काय रे, नेतोस कुठे?"

"चार दिवस द्या मला."

"नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस हो."

"नाही जमलं तर उभं करा कोपऱ्यात."

"मी कधी कुणाला कोपऱ्यात उभं केलं?"

"नाही केलंत," तो म्हणाला, आणि पिशवीची चेन लावत राहिला.

तो पाचव्या दिवशी दुपारी आला. डोळे तांबारलेले, पण चालण्यात घाई. बॉक्स जोडला, वायरी भिंतीलगत नीट दाबून बसवल्या, आणि बाईंच्या हातात एक वेगळाच रिमोट ठेवला. अंगठा फिरला आणि थांबला. पाचावर ठिपका होता.

"हा कंपनीचा नाही," बाई बोटाने चाचपत म्हणाल्या.

"बायकोच्या नेलपॉलिशचा आहे. दोन थेंब, एकावर एक. लाल."

"लाल का?"

"घरात तोच रंग होता."

बाईंनी पाच आणि नऊ दाबले.

"एकोणसाठ," टीव्हीतून आवाज आला. केबलवाल्याचाच, पण जरा ताठर, उत्तर द्यायला उभं राहिल्यासारखा. मागोमाग जुन्या गाण्याचे सूर खोलीत पसरले.

"आकडा दाबला की आधी तो म्हणून दाखवतो, मग चॅनल लावतो," तो म्हणाला. "तुमचे सगळे चॅनल जुन्याच घरांत बसवलेत. मला येत नव्हतं हे, बाई. विचारत विचारत शिकलो."

बाईंनी त्रेचाळीस लावून पाहिला. मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली असावी. एक-नऊ. "एकोणीस." दोन-नऊ. "एकोणतीस." खुर्ची रिकामी असून केबलवाला जमिनीवरच मांडी घालून बसला होता. प्रत्येक आकड्याला बाईंची मान किंचित हलत होती. एकोणचाळीस. एकोणपन्नास. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद.

अंगठा नवावर आला आणि तिथेच दोनदा दाबला गेला. केबलवाल्याने खाली बघत पक्कड उगाचच उघडली, मिटली.

"एकोणशंभर," टीव्ही म्हणाला. हा आवाज ताठर नव्हता.

मागोमाग काहीच लागलं नाही. बाई पडद्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

"यावर काय आहे?"

"काही नाही. रिकामा ठेवलाय."

बाईंनी पुन्हा नऊ-नऊ दाबलं आणि शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकलं. मग हात पुढे करून त्याचा खांदा शोधला. तो कडेला होता, त्यामुळे दिसतही होता.

"बदलू का, बाई? दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावून तर बघ," बाई म्हणाल्या. "कोपऱ्यात उभा करीन."