काउंटरच्या आतला खण

धाकट्याने घरामागच्या बागेत बार करायचं ठरवलं आणि त्याचं चित्र काढून थोरल्याच्या कारखान्यात आणून दिलं, तेव्हा थोरला एका दारावर रंधा मारत होता. त्याने हात पुसले, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि कागद उजेडात धरला. धाकटा पोटापाण्यासाठी नकाशेच काढायचा, त्यामुळे चित्र अगदी बघत राहावं असं उतरलं होतं. स्वयंपाकघराची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामधली जागा, वर उतरता पत्रा, सहा फुटी काउंटर, बाहेरच्या बाजूला चार उंच स्टुलं, मागे ग्लास उलटे टांगायची पट्टी, कोपऱ्यात छोटंसं बेसिन. आणि काउंटरच्या आतल्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, एक खण. त्याला मूठ नाही, कडी नाही. दाबलं की उघडणारा.

"पाहुण्यांसाठी हां," धाकटा म्हणाला. "ऑफिसातले येतात, जुने मित्र येतात. त्यांची सोय. मी आपला सरबतावर."

थोरल्याचं बोट त्या खणावर जाऊन थांबलं. विचारायची गोष्ट ओठांपर्यंत आली आणि तिथेच अडकली.

"याची आतली उंची किती ठेवू?" त्याने विचारलं.

धाकट्याने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाला, "तेरा इंच."

बाटली बारा इंचाची आणि वर बोटांना जागा एक इंच. हे गणित थोरल्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि खणाशेजारी तेरा लिहिलं.

आता याला काय म्हणावं? चौदा महिन्यांपूर्वी हाच धाकटा जिन्यावरून गडगडत खाली आला होता, आणि तीन आठवडे इस्पितळात त्याच्या उशाशी हाच थोरला बसून होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की यकृताची पार वाट लागली आहे, पुन्हा सुरू केली तर परत इथे आणायचे कष्ट घेऊ नका. तेव्हापासून धाकट्याने थेंबाला शिवलेलं नव्हतं. निदान सगळे तसं धरून चालले होते.

पण थोरल्याच्या अंगात बापाचा दंडक मुरलेला. गिऱ्हाइकाला माप विचारायचं, कारण विचारायचं नाही. बापाने आयुष्यभर लोकांना पेट्यांचे दुहेरी तळ आणि कपाटांचे चोरकप्पे करून दिले, आणि एकदाही कुणाला विचारलं नाही की बाबा रे, यात काय दडवणार आहेस. त्यामुळे लोक लांबलांबून त्याच्याकडे यायचे. थोरला त्याच हाताखाली शिकला. हा दंडक गिऱ्हाइकासाठी होता, सख्ख्या भावासाठी नव्हता, एवढी अक्कल पन्नाशी उलटलेल्या माणसाला असायला हरकत नव्हती. पण काही माणसांना हातात टेप असली की तोंड उघडायला सुचत नाही, त्यातला तो.

दुसऱ्या आठवड्यात काम सुरू झालं. खांब रोवले, पत्रा चढला. धाकट्याची बायको सकाळी कामावर जाताना एक चक्कर मारायची आणि संध्याकाळी आल्या आल्या दुसरी. शिक्षिका होती ती. वहीत चुका शोधतात तशी नजर सगळीकडे फिरवायची.

"खरं सांगू, दादा?" ती एकदा म्हणाली. "बार म्हटल्यावर मी आधी नाहीच म्हटलं होतं. भांडलेसुद्धा मी. पण हे म्हणाले, दादा करतोय. मग म्हटलं, ठीक आहे. काही वावगं असतं तर तुम्हीच आधी बोलला असता."

थोरला पटाशीला धार लावत होता, तो लावतच राहिला.

"मागे त्या कपाटाच्या वेळी तुम्हालाही फसवलंच ना त्यांनी," ती पुढे म्हणाली. "कागदपत्रांसाठी म्हणून खोटा तळ करून घेतला, आणि मी हातोडीने फोडला तर नऊ बाटल्या. तुम्हाला बिचाऱ्यांना काय माहीत."

"हं," थोरला म्हणाला.

या हं-ची त्याला स्वतःलाच शिसारी आली. ती आत गेल्यावर तो टाकीच्या कठड्यावर बसून राहिला. कपाटाच्या वेळीही त्याला सगळं ठाऊक होतं. धाकट्याने कानाशी येऊन माप सांगितलं होतं आणि त्याने मान डोलवली होती. आज बोलू, उद्या बोलू, असं घोकत त्याने काउंटर उभा केला. खण मात्र त्याने सगळ्यांत शेवटी केला, आणि दुर्दैव असं की तो जन्मातला सर्वांत सुरेख खण झाला. फळीच्या रेषा अशा जुळल्या की बोट फिरवलं तरी सांधा लागेना. दोन बोटांनी दाबलं की दार अलगद पुढे यायचं, आवाज नाही, काही नाही. त्याने तो चार वेळा उघडून बघितला. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

शेवटचा पॉलिशचा हात द्यायला तो आठ दिवसांनी आला. सुट्टीची सकाळ होती. स्टुलं मांडलेली, ग्लास टांगलेले, बेसिनचा नळही चालू झालेला. आतल्या बाजूने फडकं फिरवता फिरवता त्याची बोटं आपसूक त्या जागी गेली. दार पुढे आलं. आत एक बाटली उभी होती, निम्मी रिकामी.

"बघितलंस एकदाचं," मागून आवाज आला. धाकटा टाकीपाशी उभा होता. दाढी केलेली, केस विंचरलेले, आणि डोळे थकलेले.

"कधीपासून?"

"आठ दिवस झाले. तू पॉलिश वाळायला ठेवून गेलास त्या दिवसापासून."

थोरल्याचा राग एकदम उसळला. "अरे, तुला काही लाज? डॉक्टर काय म्हणाले होते? बायको तिकडे..."

"दादा, मी नकाशे काढतो," धाकटा त्याला तोडत म्हणाला. "मला लपवायचंच असतं तर मी तो खण कागदावर काढला असता का? तुझ्या कानात सांगितला असता, मागच्यासारखा. मुद्दाम काढला. ठळक काढला. तोवर एक थेंब घेतला नव्हता मी. पण रोज डोक्यात तेच चालायचं आणि बोलायची सोय नव्हती कुणाकडे. वाटलं, दादा बघेल, कागद माझ्या तोंडावर फेकेल, चार शिव्या घालेल. मग सांगता येईल." त्याने उघड्या खणाकडे बोट दाखवलं. "तू उंची विचारलीस."

थोरल्याला वाटलं आपल्याला कुणीतरी मुस्काटात मारली. तेव्हा पेन्सिल कानावरून काढण्याऐवजी तोंडातून एक शब्द काढला असता तर? कशाला रे, एवढाच. त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं.

मग त्याने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि गुडघ्यावर बसून बिजागरीचे स्क्रू सोडवायला घेतले. एका स्क्रूचं तोंड सटकलं. दार निघालं तेव्हा त्या गुळगुळीत फळीत एक चौकोनी भगदाड राहिलं आणि त्यात ती बाटली.

तेवढ्यात धाकट्याची बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. काउंटरच्या आत वाकून बघताच तिचे पाय थबकले.

"हे काय?"

धाकट्याने मान खाली घातली. बोलायची पाळी थोरल्याची होती आणि या वेळी त्याने ती चुकवली नाही.

"हा खण मी केला," तो म्हणाला. "कशासाठी ते चित्र बघितलं तेव्हाच कळलं होतं मला. कपाटाचा तळही मीच केला होता, आणि तेव्हाही माहीत होतं. मला कुणी फसवलं नाही."

तिने ट्रे काउंटरवर ठेवला. कप एकमेकांवर आपटले. नवऱ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही, ती थोरल्याकडेच बघत होती.

"मी तुमच्या भरवशावर हो म्हटलं होतं, दादा."

"माहीत आहे."

मग अगदी हळू तिने विचारलं, "या घरात आणखी किती आहेत?"

धाकटा चटकन म्हणाला, "दादा, नको."

थोरल्याने त्याच्याकडे बघितलं. लहानपणी पडला की असाच चेहरा व्हायचा त्याचा.

"एक," थोरला म्हणाला. "तुमच्या पलंगाला. उशाकडच्या फळीत, तुझ्या बाजूला."

गेली सहा वर्षं ती त्याच फळीला डोकं टेकून झोपत होती. तिचा हात आपोआप मानेमागे गेला आणि तिथेच राहिला. मग ती वळली आणि घराकडे चालू लागली. थोरल्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला, धाकट्याच्या दंडाला धरून त्याला सोबत घेतलं, आणि तिघंही आत गेली.