विहिरीचं चित्र

एकोणीस वर्षं अप्पा दर अमावस्येला गाठी मारलेला दोर विहिरीत सोडून पाणी मोजायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. कलबुर्गीला संख्याशास्त्र शिकणाऱ्या त्यांच्या लेकीनं, नागरत्नानं, त्या आकड्यांचा आलेख आर (R) ह्या कॉम्प्युटरच्या भाषेत काढला, मागची बाजू पारदर्शक ठेवून चित्राची फाइल केली आणि गावी अप्पांच्या फोनवर धाडली.

"अप्पा, बघितलाव का?"

"व्हय की. लई छान काढलीस."

महिनाभरात अप्पा गेले. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या फोनवर ते चित्र उघडलं, तर नुसता काळोख. कॉम्प्युटरवर पांढऱ्यावर उठून दिसणारी काळी रेघ फोनच्या काळ्या पडद्यात बुडाली होती. मागं पांढरा रंग भरायला एक शब्द पुरला असता, तेवढीही अक्कल सुचू नये! तिला स्वतःचाच संताप आला.

तिनं आईला विचारलं, "अव्वा, ह्यात कायबी दिसत न्हाई. मग अप्पा छान कामून म्हणाले?"

अव्वानं पदरानं फोनची काच पुसली.

"रोज बघायचे गं. म्हणायचे, वाकून बघितलं की आपली हीर अशीच दिसती. पोरीनं बरोब्बर काढली."