जांबबोडीचा डोंगा पाणी मागतो

मित्रांनो, जांबबोडीच्या जंगलात वाघ पाहायला आलात तेव्हा गेटापाशी सिमेंटच्या ओट्यावर एक निळा डोंगा होता. त्यात बसून तुम्ही फोटो काढलेत, कुणी दोन बोटं वर केलीत, कुणी वल्हं उलटं धरलंत. तो डोंगा मी. निळा रंग माझा नव्हे हो, तो मला लावला होता. मी जातीचा मोहाचा.

वादळात पडलेल्या एका मोहाच्या खोडातून पत्रू ढिवराने मला कोरून काढलं. एकच खोड, ना खिळा ना जोड. वाकसाने तासलं, आतून विस्तवाने शेकलं आणि तलावात लोटलं. मी एकदा डावीकडे झुकलो, एकदा उजवीकडे, मग नीट बसलो. पत्रू म्हणाला, "जमलं." त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती.

पत्रूनंतर त्याचा मुलगा मुखरू माझ्यात उभा राहू लागला. जाळी टाकायची, शिंगाडे काढायचे, पलीकडच्या गावात पाहुणे पोचवायचे, सगळं माझ्याच पाठीवर. त्या वेळी सहल म्हणजे बैलबंडीने यायचं, काठावर चूल मांडायची, आणि पोरांना डोंग्यातून बेटाला एक चक्कर मारून आणायचं. पोरं पाण्यात हात घालायची, मुखरू ओरडायचा, पोरं पुन्हा घालायची. मला मजा यायची.

तलावाच्या मधोमध ते बेट आहे. त्याच्या मागच्या अंगाला मंगलीबाईच्या गोंड घराण्याचा देव आहे. दर उन्हाळ्यात पहिला आंबा देवाला द्यायचा, मग आपण खायचा. तोवर झाडाखाली सडा पडला तरी तोंडात घालायचा नाही. आणि देवाकडे जायचं ते आवाज न करता. मला ढकलायचा बांबू माझ्या अंगाला लागून खट्‌ वाजला तरी मंगलीबाई डोळे वटारायची. त्या फेरीसारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही.

मग दिवस पालटले. जिप्सी आल्या, होमस्टे आले, मोठाल्या कॅमेऱ्यांचे लोक आले. वाघ दिसला नाही तर दुपारी करायचं काय, म्हणून तलावात इंजिनाची बोट आली. केशरी जॅकेट घालून माणसं बेटाभोवती गरगर फिरू लागली. वाईट म्हणत नाही मी. गावातल्या पोरींना गाईडचं काम मिळालं, चुली पेटल्या. पण मला मात्र कुणी विचारेना. वर्षातून एकदा आंब्याची फेरी, एवढंच माझ्याकडे उरलं.

आता ऐका. आमच्याकडे काम नसलं की उन्हाळ्यात डोंगा पाण्यात बुडवून ठेवतात. पोटात दगड भरायचे आणि काठालगत तळाशी निजवायचा. ऊन लागलं की लाकूड तडकतं, पाण्यात राहिलं की जगतं. मागच्या वर्षी देवाची फेरी झाली, मुखरूने मला असाच बुडवला आणि तो सावली गावाला बहिणीकडे उन्हाळी धानाच्या कामाला गेला.

त्याची सून नीलिमा माजरीची. कोळसा खाणीजवळ वाढलेली पोर, डोंगा असा मुद्दाम बुडवून ठेवलेला तिने कधी पाहिला नव्हता. ती इथे गाईड आहे, चांगली बोलते, पर्यटक तिलाच मागतात. पाणी उतरलं तेव्हा तिला माझी एक कड दिसली. तिला वाटलं, सासऱ्याचा डोंगा बुडाला, सडतोय, कुणाला पर्वा नाही. बिचारी हळहळली. माणसं बोलावली, मला ओढून काढलं, पुसलं, निळ्या रंगाचे हात दिले आणि गेटापाशी मानाने बसवलं. कडेवर फुलंही काढली. इतक्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता, आणि त्याच मायेने माझं पाणी तोडलं.

मुखरू परत आला. नीलिमा त्याला हाताला धरूनच घेऊन आली.

"मामाजी, पाहा ना. पाण्यात सडून राह्यला होता, काहाडला मी."

मुखरूने माझ्याकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बेस दिसते," म्हणाला आणि घरी गेला.

रोज सकाळी तो माझ्याजवळ येऊन बिडी ओढायचा. पावसाळा कसाबसा निघाला. माघ सरला, ऊन तापलं, आणि एके दुपारी माझी पाठ तडकली. समोर तलाव दिसायचा. वारा आला की पाण्याचा वास यायचा. मित्रांनो, तहान म्हणजे काय ते मला त्या ओट्यावर कळलं.

आंबे लागले. मंगलीबाई टोपली घेऊन काठावर गेली, तर मी तिथे नव्हतो. शोधत शोधत गेटापाशी आली.

"मुखरूभाऊ, डोंगा इथी काऊन?"

"सुनेनं हौसेनं बसवला, बाई. तिले कसा सांगू?"

"इंजिन लावून देवाच्या दारी जात नाई मी. तू नाई सांगत त मी सांगतो."

आणि तिने सांगितलंच. नीलिमा पर्यटकांना सोडून आली होती. ऐकता ऐकता ती ओट्यावर बसली. तिने माझ्या भेगेवरून हात फिरवला, बोट आरपार गेलं.

"मामाजी, मले काऊन नाई सांगतलं?"

"येवढ्या मायेनं रंगवला तू. तुहं मन मोडलं असतं."

"माहं मन जुळून आलं असतं मामाजी. हे लाकूड जुळते का आता?"



त्याच दिवशी फुटक्या कौलाने तिने माझा रंग खरवडायला घेतला. रंग असला की लाकूड पाणी पीत नाही, हे तिला मुखरूने सांगितलं. या वेळी सांगितलं. मग गावाने मला उचललं आणि पोटात दगड भरून पुन्हा तळाशी निजवलं. पाणी अंगावर आलं तेव्हा मी रडलो असेन, पण पाण्यात कुणाला दिसणार?

नीलिमा रोज कामावर जाण्याआधी गुडघाभर पाण्यात उतरते आणि भेग चाचपते. लाकूड फुगतं आहे. आधी बोट जायचं, आता नख जातं. पण नखभर भेगेतूनही पाणी आत येतं, आणि मंगलीबाईला पोहता येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूची, जुन्या माणसाची काळजी घ्यावीशी वाटली तर घ्या, जरूर घ्या. पण ते कशावर जगतं, हे आधी विचारा. त्याला बोलता येत नसेल तर त्याच्यासोबत राहिलेल्याला विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे, त्याने मायेपोटी गप्प बसू नये.

मंगलीबाई रोज काठावर येऊन बसते. गावभर आंब्याचा वास सुटलाय, पण म्हातारीने अजून एक फोड तोंडात घातलेली नाही. तिच्या झाडावर आता थोडेच आंबे उरलेत. मी पाणी पितोय, मित्रांनो. होईल तितक्या लवकर पितोय.