रविवारपर्यंत तोंड बंद

माझे दात तपकिरी आहेत आणि मी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. पुण्यात आल्यापासून हे वाक्य इतक्या वेळा बोललोय की त्याची पाटी करून गळ्यात अडकवावी असं वाटतं. रिक्षावाले, ऑफिसातले, सदाशिव पेठेतले घरमालक, सगळे न मागता सल्ला देतात. "सोडा हो राकेश ती सवय!" सवय कसली, डोंबल! आमच्या यवतमाळकडच्या गावात हापशीच्या पाण्यात फ्लोराइड फार. लहानपणी तेच प्यायलो आणि दात डाग घेऊनच उगवले. अख्ख्या गावाचे तसेच आहेत, त्यामुळे तिथे कोणी कोणाला काही म्हणत नाही.

पण रविवारी लोणी काळभोरला दीपालीला बघायला जायचं होतं. फोटो पाहिल्यापासून ती मला फार आवडली होती. ती तोंडभर हसत होती आणि दात कसे, शुभ्र! ही मुलगी नाही म्हणाली असती तर मला खरंच वाईट वाटलं असतं.

शुक्रवारी पेठेतल्याच एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी तोंडात आरसा घालून पाहिलं.

"तंबाखू नाही. पाण्याचे डाग आहेत," त्या म्हणाल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"साफ करून जातील?"

"नाही. डाग वर बसलेले नाहीत, आत मुरलेत. नुसतं ब्लीचिंग केलंत तर पांढरे ठिपके आणखी उठून दिसतील. आधी वरचा अगदी पातळ थर घासायचा, मग ब्लीचिंग. तेवढ्यानं भागलं नाही तर व्हेनियर, म्हणजे दातावर पातळ पापुद्रा चिकटवायचा."

"रविवारपर्यंत होईल?"

"रविवारपर्यंत एकच उपाय आहे. तोंड बंद ठेवा."

मी तो उपाय मनावर घेतला. दीपालीच्या घरी 'जय भीम' ओठांतल्या ओठांत म्हटलं. पोहे मिटल्या तोंडानं चावले. पगार, नोकरी, भावंडं, सगळ्या प्रश्नांना मान हलवली. तिच्या चंद्रभागा आत्या खूश झाल्या. "किती शांत आहे हो मुलगा!" मी शांत? आमच्या घरी मला बोलका पोपट म्हणतात.

मग मोठ्यांनी आम्हा दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं.

"पुणं आवडतं का?" दीपालीनं विचारलं.

"हूं."

"स्वयंपाक येतो?"

"हूं."

"रोज भांडी घासाल?"

"हूं."

"मग आजच लग्न करू या?"

"हूं," म्हणालो आणि काय म्हणालो ते कळताच फस्सकन हसलो. तीही हसली. तिचं हसणं बघून मला आणखी हसू आलं. रविवारपर्यंत जपलेलं सगळं बाहेर! हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी दात दाखवून केलं.

ती हसायची थांबली. माझ्या दातांकडे बघत राहिली. मी घाईघाईनं सुरू केलं, "हे बघा, मी तंबाखू कधीच..."

"कोनत्या हापशीचं पानी पेलं बाप्पा तुमी?"

माझा कानांवर विश्वास बसेना. पुण्यात इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी गावाचं नाव सांगितलं.

"अगं बाई! माझं आजोळ तुमच्याच तालुक्यात. दहावीपर्यंत मी तिथेच वाढले."

"पण तुमचे दात तर..."

"व्हेनियर आहेत. नोकरी लागल्यावर पहिलं काम तेच केलं." तिनं आत कोणी बघत नाही ना, हे पाहिलं. मग बोटानं खालचा ओठ ओढला. खालची सगळी रांग माझ्यासारखीच, तपकिरी पट्ट्यांची. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"खालचे का नाही केले?"

"ते हसताना दिसत नाहीत," दीपाली म्हणाली. "मुद्दाम दाखवावे लागतात."